दुसरं सुतक

रत्नागिरी
१२ जानेवारी १९८६

भिकू,

परळच्या सभेत तू केलेल्या भाषणाची बातमी वर्तमानपत्रात वाचली. संपादकांना लिहून तुझा पत्ता मागवला. मी महिपत शितप. पालीच्या शाळेत तू दाराजवळच्या बाकावर एकटा बसायचास, त्याच्या पुढच्या बाकावरचा मी. भूमितीत गटांगळ्या खाणारा. आता रत्नागिरीला कोर्टात हेड कारकून आहे. केस गेले, चष्मा आला.

आपण मॅट्रिक झालो त्याला या मार्चमध्ये तीस वर्षं होतील. मे महिन्यात चाकरमानी गावाकडे असतात, म्हणून रविवार १८ मे रोजी शाळेच्या पटांगणात सगळ्या वर्गाने जमायचं ठरवलं आहे. चंपा येणार आहे, कमळाही येणार आहे. मांडव आणि जेवण शिवराम कोत्रे करतोय. आपल्या वर्गातल्या गंगाचा थोरला भाऊ. आता कलमांचा मोठा बागायतदार आहे. बहिणीच्या नावाने त्याने हुशार मुलींसाठी ढाल ठेवली आहे आणि शाळेच्या पडवीत फळी लावली आहे. ‘कै. कु. गंगा कोत्रे, मृत्यू १९५७’.

तिच्याबद्दल वर्गातर्फे कुणीतरी दोन शब्द बोलावेत, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मी तुझं नाव सुचवलं. शिवराम म्हणाला, “येऊ दे. पण थोडक्यात आटपायला सांग.”

येशील ना?

तुझा
महिपत

*

मुंबई
२० जानेवारी १९८६

महिपत,

जय भीम.

पत्र पाहून बरं वाटलं. पण एक दुरुस्ती. मी एकटा बसायचो असं तू लिहिलंस. मी बसत नव्हतो, मला बसवलं जायचं. तीस वर्षांनी भेटायचं असेल तर हा फरक मान्य करून भेटू.

मी टपाल खात्यात आहे. दिवसा पत्रं निवडतो, संध्याकाळी सभांमधून बोलतो. वाचलं खूप. जगातल्या पुष्कळ क्रांत्यांचे इतिहास माझ्या फळीवर आहेत. पण धैर्य म्हणजे काय हे मला कुणी विचारलं, तर पुस्तक उघडावं लागत नाही. मला पालीची गंगा कोत्रे आठवते.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. मेलेली ढोरं ओढणार नाही, शिमग्यात पालखीपुढे वाजवणार नाही, असं आमच्या वाडीने सांगितलं. गावाने दुकानं बंद केली, पाणवठा बंद केला. तेव्हा वर्गातले तुम्ही सगळे कुठे होता ते मी विचारत नाही. ती मात्र पाटी घेऊन दर दुपारी वाडीत यायची. माझ्या आईच्या हातात पेन्सिल देऊन म्हणायची, “काकी, आधी स्वतःचं नाव. बाकी जग मागनं.” गावाला तिच्या येण्यात एकच कारण दिसलं, आणि त्या कारणाला माझं नाव चिकटवलं. कुलीन घरातली मुलगी अक्षरं शिकवायला चालत येऊ शकते, हे त्या गावाच्या डोक्यात मावत नव्हतं.

मग ती यायची थांबली. तिला गुहागरला मामाकडे पाठवल्याचं कळलं, आणि काही दिवसांनी ती तिथेच तापाने गेल्याचं. शिवरामने डोकं भादरलेलं मी लांबून पाहिलं. आम्हाला दाराशी जायची सोय नव्हती.

मी येईन, तिच्यासाठी. एक काम कर. गुहागरला कुणाला विचारून तिला कुठे जाळलं ती जागा कळव. येताना तिथे उभा राहून येईन.

भिकू तांबे

*

रत्नागिरी
१६ फेब्रुवारी १९८६

भिकू,

कोर्टाच्या कामाने गुहागरला गेलो होतो. गंगाचे मामा वारले. मामी यमुनाबाई आहेत. सुपारीच्या बागेत शेणाने सारवलेल्या खळ्यात बसल्या होत्या. तुझा प्रश्न विचारला.

“गंगी हिकडं आलीच नाय त्या साली,” म्हणाल्या. “पालीसून मानूस आला. म्हनला, पोर तापानं गेली, शिवरामनं अग्नी दिला. आमी आंघोळी केल्या, तीन दिवस सुतक पाळलं. हिकडं कुठं जाळतील तिला?”

भिकू, पालीत आम्हाला सांगितलं होतं की गुहागरहून माणूस आला, मामांनी अग्नी दिला. पालीने गुहागरच्या शब्दावर आंघोळ केली आणि गुहागरने पालीच्या. दोन्हीकडे सुतक पाळलं गेलं. प्रेत कुणीच पाहिलं नाही.

परतीच्या एसटीत मला धड बसवेना. पण खरं सांगतो, हे इथेच सोडावं असं वाटतं. मांडव शिवरामचा आहे. शाळेला त्याचा आधार आहे. इतक्या वर्षांनी उकरून हाती काय लागणार?

महिपत

*

मुंबई
२१ फेब्रुवारी १९८६

महिपत,

हाती काय लागणार? हाडं लागतील.

तुला अजून कळलं नाही का? त्यांनी तिला मारली. घरात मारली आणि दोन गावांना आंघोळी घालून पुरावा धुऊन टाकला. एवढी साधी युक्ती, आणि ती चालली, कारण सुतक पाळताना कुणी प्रश्न विचारत नाही. बादली डोक्यावर ओतली की माणूस मेला. यापेक्षा भक्कम दाखला तुमच्या कोर्टातही मिळत नसेल.

आणि ज्याने हे केलं तो तिच्या नावाची ढाल वाटणार. तू त्याच्या मांडवात पंगतीला बसणार. मी थोडक्यात आटपणार.

नाही. तू शिवरामकडे जा आणि तोंडावर विचार. तू गेला नाहीस तर मी १८ मे ला माइकवरून विचारीन.

भिकू

*

रत्नागिरी
९ मार्च १९८६

भिकू,

गेलो. शिवराम बागेत झाडांना टेकू लावून घेत होता. गडी लांब गेल्यावर मी विचारलं. भडकेल असं वाटलं होतं. तो हातावर तंबाखू मळत राहिला.

“महिपत, तू कोर्टातला मानूस. मेलेल्यावर केस चालते काय?”

मी म्हटलं, “मेली कशी तेवढं सांग.”

“मेली कुठं? हाय की. रत्नागिरीत हाय. तुझ्या घराच्या वाटेवर.”

वेड्यांचं इस्पितळ माझ्या घराच्या वाटेवर आहे. त्या भिंतीकडेने मी रोज कोर्टात जातो. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ चढतं, ते बघत जातो.

वाडीत जाते म्हणून त्याने तिला माळ्यावर कोंडलं होतं. आधी ती ओरडायची, मग बोलायचीच थांबली. तेव्हा तिला खरोखर बरं नव्हतं, म्हणून इस्पितळात घातलं, आणि घराचा पत्ता खोटा दिला. घरात वेडी आहे कळलं तर धाकट्या बहिणींना कोण करून घेणार, म्हणून दोन्हीकडे माणसं धाडली. “मेलेली बरी,” म्हणाला. “मेलेलीबद्दल कोन वाईट बोलत नाय.”

दुसऱ्या दिवशी मी तिला भेटलो. डॉक्टर भला माणूस आहे. म्हणाला, ही केव्हाच बरी झाली. घरी पाठवलेली सगळी पत्रं परत आली, तिने सांगितलेल्या पालीच्या पत्त्यावरचीसुद्धा. न्यायला घरचं कुणी यायला हवं, एवढंच राहिलंय.

ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे, बारीक कापलेले. नाव सांगितलं तर डोळे बारीक करून म्हणाली, “शितप? प्रमेय आलं का रे तुला शेवटी?” मी हसलो आणि मग मला हसता येईना. तिने तुमच्या वाडीबद्दल विचारलं. पाणवठा उघडला का, विचारलं. तुझी आई गेल्याचं सांगितलं, तर निवडलेले तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडू लागली.

निघताना म्हणाली, “शिवादादाला सांग, मी आता ओरडत नाही.”

सुतकाचं मी तिला सांगितलं नाही. घरचे कामात आहेत, एवढंच म्हटलं.

महिपत

*

मुंबई
१४ मार्च १९८६

महिपत,

तुझं पत्र सीतेला वाचून दाखवलं. माझी बायको कमी बोलते. वाचून झाल्यावर तिने आमच्या खोलीतला पलंग सरकवला आणि म्हणाली, “इथे त्यांची गादी मावेल.”

मी खून म्हणालो होतो. ते मागे घेतो. खुनासाठी एकदाच हात उचलावा लागतो. हे रोज करावं लागलं असेल. दर सणाला, दर लग्नाला, भाऊबीजेला ताट रिकामं ठेवताना, रोज नव्याने तिला मारावं लागलं असेल. आणि त्याला एकदाही झोप लागली नाही, असं तुझ्या पत्रात कुठे दिसत नाही.

पापाला चेहरा क्रूर असावा लागतो असं आपण शिकलो. ते खोटं आहे. पाप गावाच्या रीतीत नीट बसतं, डोकं भादरतं, पिंड ठेवतं. म्हणून तर मी सभांमधून ओरडत असतो की रीत हीच तपासा, माणूस नंतर.

पण आता भाषण नको, ती बाहेर यायला हवी. न्यायला घरचं माणूस लागतं ना? शिवरामला सांग, सही कर आणि तिला बाहेर काढ. नाहीतर भिकू तांबे १८ मे ला सगळ्या पालीसमोर बोलेल. माझं नाव धाकासाठी वापर. आयुष्यभर लोकांनी ते वापरलंच आहे. बाहेर आली की तिला मुंबईच्या गाडीत बसवून दे.

भिकू

*

रत्नागिरी
२ एप्रिल १९८६

भिकू,

जिंकलो आपण.

तुझं नाव काढल्यावर शिवराम नरमला. शिमगा होऊ दे म्हणाला. शिमग्याची पालखी देवळात परतली आणि दोन दिवसांनी तो स्वतः जीप घेऊन आला. कागदावर सही केली. डॉक्टर फाटकापर्यंत पोचवायला आला. गंगा मांडीवर गाठोडं घट्ट धरून पुढच्या सीटवर बसली होती. मला म्हणाली, “पालीचा घाट अजून तसाच आहे का?” इतक्या वर्षांत असा आनंद मला झाला नव्हता.

मुंबईचं विचारलं. शिवराम म्हणाला, “भाऊ असताना बहीण परक्याच्या घरी कशाला?” मला ते पटलं. शेवटी घर ते घर. त्याच्या मुलीचं लग्न एप्रिलअखेर आहे, घर पाहुण्यांनी भरलंय, म्हणून सध्या तिची सोय बागेतल्या घरात केलीय. तू मेळाव्यात यातलं काही बोलणार नाहीस, असा शब्द मी तुझ्या वतीने दिला. त्याशिवाय तो सही करत नव्हता. तू समजून घेशील.

महिपत

*

मुंबई
७ एप्रिल १९८६

महिपत,

माझा शब्द तू कसा दिलास?

बरं, तो दिलास. तिला का दिलीस? ज्याने तिला मेलेली ठरवली त्याच्याच जीपमध्ये बसवलीस आणि जिंकलो म्हणून मला लिहितोस. रात्री ती कुठे झोपते? जेवायला कोण वाढतं? गड्यांना ती कोण म्हणून सांगितलंय? मुलीच्या लग्नात मेलेली आत्या कुठे बसवणार आहेत?

मी आत्ता निघायला हवं होतं. पण १४ एप्रिल जवळ आली. जयंतीच्या सभा ठरल्या आहेत, पुढचा सगळा आठवडा जिथे तिथे माझं नाव छापलंय. लोक वाट बघतात. महिनाअखेर रजा मिळेल, तेव्हा येतो आणि तिला घेऊन जातो. तोपर्यंत तू जा. उद्याच जा. तिला नावाने हाक मार.

भिकू

*

रत्नागिरी
४ मे १९८६

भिकू,

कसं लिहू? गंगा गेली. २६ एप्रिलला. या वेळी खरोखर.

तू उद्याच जा म्हणाला होतास. कोर्टाला सुट्टी लागायच्या आधीची कामं अंगावर होती. आणि ती आपल्या घरी आहे, या समाधानात मी होतो. तुझीही चिठ्ठी आली नाही. तुला रजा मिळाली नसेल. १ मे ला केळ्यांची करंडी घेऊन गेलो, तर बागेतलं घर झाडून पुसून रिकामं. राखणदार बाबल्या तेवढा होता. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

गड्यांना सांगितलं होतं, घाटावरची लांबची पाहुणी आहे, डोक्याने कमी आहे. नाव विचारायचं नाही. ती स्वतः सांगायची, “मी गंगा.” मग शिवराम म्हणायचा, “गंगा मेली. तू गप ऱ्हा.” जेवण केळीच्या पानावर पायरीवर ठेवत. एकदा ती मोठ्या घराच्या चुलीपर्यंत गेली, तेव्हा वहिनीने उंबऱ्यात आडवं उभं राहून सांगितलं, “तुमचं सुतक पाळलंय आमी. तेरावं घातलंय. लग्नघरात पाय ठेवू नका.”

मी तिला जे सांगितलं नव्हतं, ते तिला असं कळलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती चालत शाळेत गेली. पडवीतली ती फळी तिने वाचली. बाबल्या मागोमाग गेला होता. “लई येळ वाचत व्हत्या,” म्हणाला. “मी म्हनलं, बाय, चला. तर मला म्हनल्या, अक्षर चांगलं काढलंय.” परत आली ती पानाला शिवली नाही. पाणी घ्यायची, नंतर तेही नाही. डॉक्टरला बोलवा म्हणून बाबल्याने सांगितलं. लग्न होऊ दे, म्हणाला शिवराम.

बागेच्या खालच्या अंगाला, पऱ्ह्याच्या पाण्याकाठी जाळली. शिवराम, बाबल्या आणि दोन गडी. परत आल्यावर शिवरामने पाय धुतले आणि तो जेवायला बसला. बाबल्या दाराशी घुटमळला. “मालक, आंघोळ?”

“कोनाची? तिची झाली.”

“सुतक?”

“एकदाच पाळतात.”

लग्न ठरल्या दिवशी झालं. मी तिथून सरळ घरी आलो. करंडी परत आणली. बायकोला म्हटलं, शिवराम भेटला नाही.

महिपत

*

मुंबई
८ मे १९८६

महिपत,

रजा मिळाली होती. मागितलीच उशिरा. सभा वाढत गेल्या आणि मी बोलत गेलो. माणसाला माणूस म्हणून हाक मारा, असं मी रोज नव्या व्यासपीठावरून सांगत होतो. लोक रडत होते. त्याच दिवसांत ती पायरीवरच्या पानाकडे पाठ करून बसली होती. एवढंच लिहितो. तुला बोल लावायचा हक्क मला उरला नाही.

सीतेने गादी अजून उचललेली नाही.

मी येतोय. पत्रिकेवर माझं नाव तसंच ठेव. शिवरामला सांग, तांबे थोडक्यात आटपणार आहे. फक्त तारीख दुरुस्त करणार आहे.

भिकू

*

रत्नागिरी
१९ मे १९८६

भिकू,

तू भाषण संपवून सरळ रस्त्यावर गेलास आणि मिळाली ती एसटी पकडलीस. मागे काय झालं ते तुला कळायला हवं.

तुझं गर्जणारं भाषण ऐकायला मांडव भरला होता. तू आवाजही चढवला नाहीस. “फळीवर १९५७ लिहिलंय, ते चूक आहे. गंगा कोत्रे २६ एप्रिल १९८६ रोजी, इथून हाकेच्या अंतरावर, उपाशी मेली. तोवर ती जिवंत होती आणि आपण सगळ्यांनी तिला मेलेली मानलं होतं. तिने माझ्या आईला नाव लिहायला शिकवलं. आपण तिला तिचं नाव ठेवू दिलं नाही.” एवढं म्हणून तू खाली उतरलास.

बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका गिळला. मग शिवराम उठला. तो घाबरला असेल असं तुला वाटेल. नाही. म्हणाला, “तांब्यांना बोलायची हातोटी आहे पहिल्यापासून. पानं वाढलीत, चला.”

आणि माणसं उठली, भिकू. आधी मागची, मग पुढची. श्रीखंडाचा वास येत होता. मीही उठलो. माझे पाय पंगतीकडेच चालले होते.

तेवढ्यात शाळेच्या विहिरीवर रहाट करकरला. चंपा. तिने कळशी ओढली आणि लुगड्यासकट डोक्यावर ओतली.

“चंपे, काय करतंस?” कुणीतरी ओरडलं.

“मयत कळल्यावर काय करतात?” ती म्हणाली, आणि दुसरी ओढायला लागली.

शिवराम लांबूनच म्हणाला, “अगो, सुतक भाऊबंदांना लागतं. वर्गाला कसलं सुतक?”

“भाऊबंदांनी पाळलं नाय,” चंपा म्हणाली, “म्हनून वर्गावर आलं.”

मग कमळा गेली, नेसूची नवी साडी तशीच. मग आणखी दोघी. पुरुषांतला पहिला मी. पाणी उन्हाने वरवर कोमट, आत थंडगार होतं. माझ्यामागून दोघे तिघे आले. सगळे आले असं नाही. पंगत अर्ध्याहून जास्त भरली. ज्यांनी आंघोळ केली त्यांची पानं मात्र तशीच राहिली, त्यावर माशा बसल्या. शिवराम हातात वाढायचा पळा घेऊन दोन्हीच्या मधे उभा होता. फळी अजून तिथेच आहे.

तू सुतक मानत नाहीस, ते मला ठाऊक आहे. याच रीतीने तिला मारलं, हेही खरं. पण माझ्याजवळ दुसरी रीत नव्हती. हिच्यावाचून मला कुणाचं मरण कबूल करता येत नाही. तुला येत असेल तर मला शिकव.

घरी पोचेपर्यंत कपडे अंगावर वाळले होते. बायको म्हणाली, कोण गेलं?

मी म्हटलं, वर्गातली गंगा.

ती म्हणाली, ती तर कधीच गेली ना?

मी तिला तारीख सांगितली.

महिपत